काटा, केबल आणि परक्या घरातले /डेव्ह

कोल्हापूरच्या श्री शाहू मार्केट यार्डात माझ्या मामेभावाचे गुळाचे अडत दुकान आहे. हंगामात सकाळी सौदे निघाले की हमाल एकामागून एक रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, काट्यावर चढवतात, इंडिकेटरवर आकडा स्थिरावतो आणि तोच आकडा एका सिरियल केबलमधून संगणकात जाऊन शेतकऱ्याच्या पट्टीवर छापला जातो. पट्टी करणारा हा प्रोग्रॅम लिनक्ससाठी ३२-बिटमध्ये बांधलेला आहे. तो लिहून देणाऱ्या गृहस्थांनी हा व्यवसाय केव्हाच सोडला आणि मूळ कोड आज कोणाकडेही नाही. मागच्या दिवाळीच्या तोंडावर दुकानातल्या संगणकाची हार्ड डिस्क गेली, बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा निघाला आणि मधल्या पट्ट्या कागदांवरून पुन्हा भरताना घरातल्या चार माणसांचे चार रविवार गेले. त्यानंतर मी तिथे दोन डिस्कांचा आरसा (दोन्हींवर एकच माहिती) असलेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम आणि त्याखाली फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. लिनक्सच का बसवले नाही, असे पुढे अनेकांनी विचारले. त्याचे प्रामाणिक उत्तर एवढेच, की माझ्या घरी अनेक वर्षे फ्रीबीएसडी चालते आहे आणि रात्री अकरा वाजता फोन आला तर मला तेच सांभाळता येते.

जुना प्रोग्रॅम मात्र लिनक्सचाच राहिला. तो चालवण्यासाठी फ्रीबीएसडीत एक कंपॅटिबिलिटी लेयर आहे. त्याला लिनक्सुलेटर म्हणतात. मी त्याला दुभाषी थर म्हणेन. नावावरून वाटते तसे तिथे कशाचेही सोंग नसते: प्रोसेसर तोच, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तोही तोच. प्रोग्रॅमची फाइल लिनक्सची आहे हे ओळखून कर्नल त्या प्रोसेसला सिस्टिम कॉलचा, म्हणजे कर्नलकडे करायच्या मागण्यांचा, वेगळा तक्ता जोडून देतो आणि तिच्या मागण्या आपल्या भाषेत पुऱ्या करतो. फाइल वाचणे, फाइल लिहिणे, नेटवर्क, मेमरी हे सर्व पहिल्या तासातच चालू झाले. पट्टीचा पडदा उघडला, जुनी खाती दिसली, मी मनातल्या मनात चहाची ऑर्डरही देऊन टाकली, आणि मामेभावाने काट्यावर रवा ठेवला. पडद्यावर वजनाच्या जागी शून्य आणि खाली 'पोर्ट उघडता आला नाही' अशी ओळ. "भावा, काट्यावर आकडा दिसतोय, मग तुझ्या मशिनीला का दिसंना?" हा त्याचा प्रश्न पुढचे तीन आठवडे माझ्यामागे होता. त्या तीन आठवड्यांत मला जे कळले ते इथे लिहून ठेवतो. मशिनीवरची सर्व नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

युनिक्समध्ये प्रत्येक उपकरण ही /डेव्ह या डिरेक्टरीतली एक फाइल असते हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्या फाइलमध्ये नेमके काय असते हे पाहायचेच राहून जाते. डिव्हाइस फाइलमध्ये माहिती नसते. लिनक्समध्ये तिच्यापाशी एक जोड क्रमांक असतो. त्यातला मेजर क्रमांक कोणत्या ड्रायव्हरकडे जायचे हे सांगतो आणि मायनर क्रमांक त्या ड्रायव्हरच्या ताब्यातले कितवे उपकरण हे सांगतो. /डेव्ह/नल म्हणजे १ आणि ३, पहिला सिरियल पोर्ट टीटीवायएस० म्हणजे ४ आणि ६४, यूएसबीवरचा पहिला सिरियल पोर्ट टीटीवाययूएसबी० म्हणजे १८८ आणि ०. हे क्रमांक लिनक्सच्या कर्नलने लिनक्सच्या ड्रायव्हरांसाठी ठरवलेले आहेत, दुसऱ्या कर्नलवर त्यांना काही अर्थ नाही, आणि माझी पहिली चूक नेमकी इथेच झाली.

जुन्या लिनक्सचा (तो डेबियन जातीचा होता) बॅकअप घेताना मी टार या बॅकअपच्या आज्ञेला /डेव्ह वगळायला सांगितले नव्हते. त्यामुळे तो बॅकअप नव्या मशिनीवर /कॉम्पॅट/डेबियन या डिरेक्टरीत उलगडला तेव्हा त्यातल्या /डेव्हमध्ये टीटीवायएस० सह शेकडो डिव्हाइस फाइली जशाच्या तशा उतरल्या. यादी पाहिली तर प्रत्येकीच्या सुरुवातीला उपकरणाची खूण असलेले अक्षर होते, मालक होता, परवानग्या होत्या. सगळे घर भरलेले दिसत होते. प्रत्यक्षात त्या सर्व मृत होत्या. २००३ साली आलेल्या फ्रीबीएसडी ५.० पासून तिथे डिव्हाइस फाइली डेव्हएफएस नावाची एक स्वतंत्र फाइल सिस्टिम सांभाळते आणि ६.० पासून तर साध्या डिस्कवर अशी फाइल तयार करता आली तरी तिच्यातून कोणत्याही उपकरणापर्यंत पोहोचता येत नाही. अशी फाइल तयार करणाऱ्या एमकेनॉड या आज्ञेच्या मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेले आहे. मी ते दुसऱ्या दिवशी वाचले. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पेटीवर 'कोल्हापुरी' छापले म्हणून आतला गूळ कोल्हापुरी होत नाही यावरून यार्डात दर हंगामात वाद ऐकू येतात. माझ्या डिरेक्टरीत अशाच शेकडो रिकाम्या पेट्या रचून ठेवलेल्या होत्या.

त्या सर्व पुसून मी त्या जागी डेव्हएफएस माउंट केले, म्हणजे त्या डिरेक्टरीवर जोडले. वास्तविक हे काम फ्रीबीएसडीची लिनक्स सेवा स्वतःहून करते. ती सुरू केली की लिनक्सच्या घरातल्या /डेव्हवर डेव्हएफएस, /प्रॉकवर लिनप्रॉकएफएस, /सिसवर लिनसिसएफएस, /डेव्ह/एफडीवर एफडेस्कएफएस आणि /डेव्ह/एसएचएमवर टीएमपीएफएस अशी पाच माउंट होतात. परंतु ती सेवा आपले घर /कॉम्पॅट/लिनक्स इथे आहे असे धरून चालते आणि माझे घर शेजारच्या /कॉम्पॅट/डेबियनमध्ये होते. त्यामुळे पाचही माउंट शेजारच्या रिकाम्या घरात इमानाने झाली होती. मी एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना करायच्या माउंटच्या यादीत, पाच ओळी हाताने लिहिल्या. यातल्या शेवटच्या दोन कोणालाही अनावश्यक वाटतील, पण एफडेस्कएफएस नसेल तर /डेव्ह/एफडीमध्ये केवळ ०, १ आणि २ एवढेच दिसतात, आणि एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला फाइल म्हणून देणाऱ्या बॅश स्क्रिप्टा मोडतात. रात्रीचा हिशेब बंद करणारी स्क्रिप्ट तशीच मोडली होती. /डेव्ह/एसएचएम नसेल तर लिनक्सची शेअर्ड मेमरी मागणारे प्रोग्रॅम पडतात. तो प्रसंग आमच्यावर आला नाही.

आता /डेव्ह जिवंत झाले, पण त्यात टीटीवायएस० नावाचे काही नव्हते. फ्रीबीएसडीत यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावला की दोन नावे तयार होतात. एक टीटीवाययू० आणि दुसरे सीयूएयू०. मला पहिले नाव ओळखीचे वाटले म्हणून मी त्याकडे टीटीवायएस० अशी सिम्लिंक, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा दुवा, केली. प्रोग्रॅम सुरू केला, आणि तो थिजला. चूक नाही, संदेश नाही, कर्सर जागच्या जागी. कंट्रोल-सी दाबले की बाहेर पडे, पुन्हा सुरू केले की पुन्हा थिजे.

या दोन नावांमागे मॉडेमच्या काळातली एक समजुतीची रीत आहे. टीटीवाययू० हे बाहेरून फोन येईल त्यासाठी ताटकळणारे दार आहे. पलीकडून कॅरियरचा, म्हणजे डीसीडी तारेवरचा सिग्नल येईपर्यंत ते उघडण्याची विनंती कर्नल रोखून धरतो. सीयूएयू० हे आपण बाहेर फोन लावायचे दार आहे, आणि ते कॅरियरची वाट न पाहता उघडते. पूर्वी लिनक्समध्येही सीयूए नावाची उपकरणे होती. पुढे ती काढून टाकण्यात आली आणि एकाच टीटीवायएसवर प्रोग्रॅमने खुणा देऊन हे ठरवावे अशी पद्धत रूढ झाली. आमच्या काट्याची केबल उद्यमनगरात एका ओळखीच्या कारागिराने जोडून दिलेली आहे. तिच्यात पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची अशा तीनच तारा आहेत, डीसीडीची तार नाहीच. म्हणजे जो सिग्नल कधीही येणार नव्हता त्याची वाट पाहत प्रोग्रॅम तिथे बसला होता. सिम्लिंक सीयूएयू०कडे वळवली आणि तो क्षणात पुढे सरकला. लिनक्सच्या प्रोग्रॅमला फ्रीबीएसडीचा सिरियल पोर्ट द्यायचा असेल तर टीटीवाय हे अक्षरसाम्य पाहून फसू नये. द्यायचे ते सीयूए.

ही सिम्लिंक ठेवायची कुठे, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा बराच खोल निघाला. फ्रीबीएसडीत अशा कामासाठी डेव्हएफएस.कॉन्फ नावाची फाइल आहे आणि तिच्यात 'लिंक सीयूएयू० टीटीवायएस०' अशा अर्थाची एक ओळ लिहिता येते. मी ती लिहिली, मशीन पुन्हा सुरू केले, तर मुख्य /डेव्हमध्ये दुवा हजर आणि लिनक्सच्या /डेव्हमध्ये गैरहजर. डेव्हएफएसचे प्रत्येक माउंट ही एक वेगळी खोली असते. उपकरणे सर्व खोल्यांत सारखीच दिसतात, परंतु एका खोलीत हाताने केलेली सिम्लिंक दुसऱ्या खोलीत दिसत नाही. गंमत अशी, की मी प्रोग्रॅम दोन प्रकारांनी चालवून पाहत होतो आणि त्यातल्या एका प्रकारात तो चालत होता. फ्रीबीएसडीच्या शेलमधून सरळ चालवला, तर दुभाषी थर प्रत्येक मार्ग आधी लिनक्सच्या घरात शोधतो आणि तिथे न सापडल्यास खऱ्या मुळाशी जाऊन पाहतो. मी त्या थराला घराचा पत्ता म्हणून /कॉम्पॅट/डेबियन दिलेला होता, तिथे टीटीवायएस० नव्हता, म्हणून त्याने मुख्य /डेव्हमधला उचलला आणि काम झाले. क्रूट करून, म्हणजे लिनक्सचे घर हेच मूळ मानायला लावून, चालवला की मूळच बदलते, मागे जाऊन पाहायला जागा उरत नाही, आणि तोच प्रोग्रॅम तोच पोर्ट नाही म्हणून सांगतो. एकदा चालतो आणि एकदा चालत नाही असे म्हणत मी एक आख्खी संध्याकाळ केबल हलवून पाहण्यात घालवली.

ज्यांनी लिनक्सवर वाइनमधून विंडोजचे प्रोग्रॅम चालवले आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. १९९३ पासून चालत आलेल्या त्या प्रकल्पात डॉसडिव्हायसेस नावाची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात कॉम१, कॉम२ या नावांच्या सिम्लिंका खऱ्या पोर्टकडे बोट दाखवतात. पूर्वी त्या हाताने करता येत. आताचे वाइन सुरू होताना त्या स्वतःच पाडते, आणि हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. ज्या लिनक्सवर प्रत्यक्षात नसलेले बत्तीस सिरियल पोर्ट यादीत असतात, तिथे यूएसबीचा कन्व्हर्टर कॉम३३ होऊन बसतो, आणि जुना विंडोज प्रोग्रॅम कॉम४च्या पुढे पाहायला तयार नसतो. उपाय वाइनच्या रजिस्ट्रीत आहे, पोर्ट्स या नावाच्या कळीखाली कॉम१ची किंमत म्हणून खऱ्या पोर्टचा मार्ग लिहिण्याचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका मित्राच्या फाउंड्रीत मी हे केलेले होते, तरीही इथे मला तीच ठेच पुन्हा लागली.

नाव जुळले, दार उघडले, आता बोलणे. सिरियल पोर्टशी बोलण्याआधी त्याला वेग आणि बिटांची मांडणी सांगावी लागते, आणि ते वाचणे-लिहिणे या साध्या क्रियांनी होत नाही. त्यासाठी आयऑक्टल हा सिस्टिम कॉल आहे. ३२-बिट लिनक्समध्ये त्याचा क्रमांक ५४, फ्रीबीएसडीतही ५४, आणि दोघांच्याही आजोबांकडे, म्हणजे सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही ५४च. इथपर्यंत घराणे एक आहे. पुढे आज्ञांचे संकेतांक मात्र पार वेगळे आहेत. पोर्टची सध्याची मांडणी सांग, ही आज्ञा लिनक्समध्ये हेक्स ५४०१ या साध्या आकड्याने जाते, ज्यातले ५४ म्हणजे मोठ्या लिपीतले 'टी' हे अक्षर होय. फ्रीबीएसडीत तीच आज्ञा धाकट्या लिपीतला 'टी', क्रमांक १९, माहितीची दिशा आणि तिचा आकार एवढे सगळे एका आकड्यात गुंफून तयार होते. त्याहून मौजेची गोष्ट वेगाची आहे. फ्रीबीएसडीत ९६०० बॉड म्हणजे ९६०० हाच आकडा आणि तो स्वतःच्या रकान्यात असतो. लिनक्सच्या जुन्या रचनेत ९६०० साठी १३ हा संकेत आहे, २४०० साठी ११, ४८०० साठी १२, आणि हा संकेत इतर खुणांच्या गर्दीत एकाच रकान्यात कोंबलेला असतो. दुभाषी थर हे १३ उचलतो, तक्त्यात पाहतो, ९६०० करून ड्रायव्हरला देतो आणि उत्तर येताना पुन्हा उलटे भाषांतर करतो.

म्हणून डिव्हाइस फाइल 'दिसते' आहे याचा अर्थ ती चालेल असा होत नाही. दुभाषाच्या तक्त्यात नसलेली आज्ञा एखाद्या प्रोग्रॅमने दिली, तर फाइल उघडते, वाचताही येते, आणि नेमकी ती एक गोष्ट होत नाही. अशा वेळी फ्रीबीएसडीचा कर्नल एक ओळ छापतो. तिच्यात प्रोसेसचा क्रमांक, प्रोग्रॅमचे नाव, आज्ञेचा हेक्स संकेतांक आणि ती अमलात आणलेली नाही असा शेरा असतो. डीमेसेज, म्हणजे कर्नलने छापलेल्या ओळी, उघडून ही ओळ शोधणे हे केबल बदलण्याच्या आधीचे काम आहे, निदान आता मी ते त्या क्रमाने करतो. आमच्या प्रोग्रॅमने फार काही मागितले नाही आणि एकही ओळ आली नाही. प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या ट्रसने पाहिले तेव्हा वेग सांगण्याची आज्ञा नीट जात होती आणि काट्याकडून आकड्यांची रांग येत होती. क्रमांकांच्या बाबतीतही थर थोडी काळजी घेतो: लिनक्सच्या प्रोग्रॅमने /डेव्ह/नलची चौकशी केली तर त्याला १ आणि ३ असेच सांगितले जाते, आणि पीटीएसच्या आभासी टर्मिनलांना लिनक्समधला १३६ हा मेजर क्रमांक दिला जातो, कारण काही प्रोग्रॅम त्या आकड्यांवरूनच ओळख पटवतात.

पहिले बरोबर वजन पडद्यावर आले तेव्हा प्रोग्रॅम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालत होता. दुकानात दिवाणजी ज्या खात्यातून काम करतात त्या खात्यातून चालवला की पुन्हा 'पोर्ट उघडता आला नाही'. डेबियनमध्ये सिरियल पोर्ट वापरणाऱ्यांचा गट डायलआउट, क्रमांक २०. दिवाणजींचे खाते त्या गटात जुन्या मशिनीपासून होतेच. फ्रीबीएसडीत याच कामाच्या गटाचे नाव डायलर, क्रमांक ६८, आणि तिथे २० क्रमांक स्टाफ नावाच्या गटाचा आहे. कर्नलला नावे कळत नाहीत, त्याला क्रमांकच कळतात, आणि कर्नल एकच. लिनक्सच्या घरातल्या गटांच्या फाइलमध्ये काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आतून लॉगिन झालेल्या दिवाणजींना त्याने २० क्रमांकाच्या गटातले धरले, आणि पोर्ट तर ६८ क्रमांकाच्या गटाचा होता. मी लिनक्सच्या घरात ६८ क्रमांकाचा एक गट तयार करून दिवाणजींना त्यात घातले. पोर्टचा गट २० करून टाकण्याचा सोपा मार्ग मला पसंत पडला नाही, कारण मग बाहेरच्या बाजूला स्टाफ गटातल्या प्रत्येकाला काटा मोकळा झाला असता.

परवानग्या पाहताना एक गोष्ट लक्षात आली आणि छातीत धस्स झाले. नुसते माउंट केलेले डेव्हएफएस लिनक्सच्या घरात सगळी उपकरणे दाखवते, ज्यात आरशातल्या दोन्ही डिस्काही आल्या. क्रूट ही भिंत नाही, पडदा आहे. आत रूट होऊन एखाद्या जुन्या स्क्रिप्टने भलत्या डिस्कवर लिहायला घेतले असते तर बाहेरच्या झेडएफएसने काय करायचे? डेव्हएफएसला यासाठी नियमसंच देता येतात आणि प्रत्येक माउंटला वेगळा नियमसंच लावता येतो. फ्रीबीएसडीसोबत आलेल्या संचांपैकी पहिला सर्व काही झाकतो, दुसरा नल, झिरो, रँडम यांसारखी मूलभूत उपकरणे उघडी करतो, तिसरा टर्मिनले उघडी करतो, आणि चौथा या सर्वांना एकत्र करून जेल नावाच्या बंदिस्त कप्प्यांसाठी वापरला जातो. मी त्या पहिल्या तिघांवर आधारलेला आपला एक संच लिहिला, त्यात सीयूएयू हे सिरियल पोर्ट ०६६० परवानगीने (मालक आणि गट यांनाच वाचता-लिहिता येईल असे) डायलर गटाला उघडे केले, टीटीवायएस० हे सिम्लिंकचे नावही नोंदवले आणि बाकी सर्व झाकलेले ठेवले. आधी सगळे दाखवून मग धोक्याचे झाकत जाण्याची रीत मला मुळीच मान्य नाही; परक्या घरात पाहुण्याला कपाटांच्या किल्ल्या देऊन मग एकेक मागून घेण्यासारखे ते आहे.

एवढे झाल्यावर दुकान आठ दिवस सुरळीत चालले. नवव्या दिवशी पट्टीवर वजनाच्या जागी काहीच येईना. कारण साधे होते: आदल्या संध्याकाळी पट्टी छापणाऱ्या जुन्या सिरियल प्रिंटरसाठी दुसरा कन्व्हर्टर लावला होता, रात्री वीज गेली, सकाळी मशीन सुरू होताना प्रिंटरचा कन्व्हर्टर आधी ओळखला गेला आणि सीयूएयू० हे नाव त्याला मिळाले. काटा सीयूएयू१ झाला. प्रोग्रॅम प्रिंटरकडून वजनाची अपेक्षा करत बसला होता. लिनक्सवर अशा वेळी यूडेव्हचा एक नियम लिहून कन्व्हर्टरच्या अनुक्रमांकावरून कायमचे नाव देता येते. फ्रीबीएसडीत हे काम डेव्हडीकडे आहे. डेव्हडी उपकरण जोडले गेल्याची वर्दी देतो, माझी स्क्रिप्ट कर्नलची माहिती देणाऱ्या सिसकंट्रोलमधून त्या कन्व्हर्टरची माहिती वाचते, अनुक्रमांक काट्याच्या कन्व्हर्टरचा असेल तर त्याला मिळालेले टीटीवायनेम, म्हणजे यू० किंवा यू१, पाहते आणि लिनक्सच्या /डेव्हमध्ये टीटीवायएस० त्याकडे वळवते. मात्र यासाठी कन्व्हर्टरच्या चिपमध्ये अनुक्रमांक असावा लागतो. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या सीएच३४० जातीच्या कन्व्हर्टरांत तो सहसा नसतो, त्यामुळे दोन कन्व्हर्टर शेजारी ठेवले तर मशिनीला ते जुळे भाऊ वाटतात. काट्यासाठी एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर घेतला. किंमत अधिक पडली, पण जुळ्यांतला थोरला कोण हे रोज सकाळी ठरवण्यापेक्षा ते स्वस्तच.

स्क्रिप्ट हाताने चालवली की काम होई. मशीन बंद करून सुरू केले की होत नसे. डेव्हडी बूटमध्ये लवकर सुरू होतो आणि मी एफएसटॅबमध्ये 'लेट' असे लिहिलेली माउंट उशिरा होतात. म्हणजे स्क्रिप्ट सिम्लिंक करत होती ती माउंट होण्यापूर्वीच्या नुसत्या डिरेक्टरीत, आणि थोड्या वेळाने डेव्हएफएस येऊन तिच्यावर पांघरूण घालत होते. माउंट काढून खाली डोकावले तेव्हा आमची टीटीवायएस० तिथे शांत पडलेली होती. आता पट्टीचा प्रोग्रॅम सुरू करणारी आज्ञाच आधी ती स्क्रिप्ट चालवते, आणि स्क्रिप्ट सुरुवातीला त्या जागी खरोखर डेव्हएफएस आहे का ते तपासते. नसेल तर ती काहीच न करता चूक सांगून थांबते.

शेवटचा घोळ मी स्वतःच्या हाताने घातला. एका दुपारी काम थंड असताना काट्याकडून नेमक्या कोणत्या ओळी येतात ते पाहावे म्हणून मी फ्रीबीएसडीच्या शेलमधून सीयू हा सिरियल पोर्टशी थेट बोलणारा प्रोग्रॅम सीयूएयू०वर ९६०० बॉडने उघडला. तिकडे पट्टीचा पडदा चालू होता आणि मामेभाऊ रिकाम्या वेळात ३० किलोंचा एक रवा ठेवून पाहत होता. त्याच्या पडद्यावर एकदा ३ आले, एकदा काहीच नाही, आणि माझ्या पडद्यावर अर्धवट ओळी. काट्याकडून येणारे बाइट दोन वाचणाऱ्यांमध्ये वाटले जात होते, ज्याच्या हाती जो लागेल तो. असे होऊ नये म्हणून सिरियल पोर्ट वापरणारे प्रोग्रॅम कुलपाची फाइल ठेवतात, आणि दोघांनीही ती इमानाने ठेवली होती. पट्टीच्या प्रोग्रॅमने लिनक्सच्या रिवाजाप्रमाणे आपल्या घरातल्या /व्हार/लॉकमध्ये टीटीवायएस०च्या नावाने, आणि सीयूने /व्हार/स्पूल/लॉकमध्ये सीयूएयू०च्या नावाने. डिरेक्टरी वेगळी, नाव वेगळे, पोर्ट एकच. दुभाषी थर यात काही करू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्या दोन साध्या मजकुराच्या फाइली आहेत.

दोन्ही कुलपे एकमेकांना दाखवणारी स्क्रिप्ट लिहावी असे काही काळ मनात होते. पण तिच्यात आणखी एक नाव सांभाळावे लागले असते आणि नावे सांभाळून मी पुरेसा थकलो होतो. त्याऐवजी लिनक्सच्या घरातच मिनीकॉम हा सीयूसारखाच प्रोग्रॅम बसवला आहे. काटा तपासायचा झाला की मी क्रूट करून आत जातो आणि आतूनच टीटीवायएस० उघडतो. पट्टीचा प्रोग्रॅम चालू असेल तर मिनीकॉम पोर्टला कुलूप असल्याचे सांगून परत फिरतो, आणि मी मामेभावाला सौदा संपेपर्यंत थांबतो असे सांगून बाहेरच्या बाकावर बसतो.